कुत्र्याच्या औषधपाण्याला पैसे कमी पडतात? आधी हा कागद घ्या

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच, "भाऊ, कुत्रं आजारी आहे, डॉक्टरनं पाच-सहा हजार सांगितले, मदत कुठं भेटन?" एका ताईची तर मांजर आहे. तर आज त्यावरच बोलू.

साध्या गोष्टी पटकन सांगतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गुराढोरांचा नाही, कुत्र्या-मांजरालाही तिथं न्या. १९६२ हा जनावरांच्या उपचारासाठीचा सरकारी टोल फ्री नंबर लावून विचारा. आजार मोठा असेल तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, इकडं वऱ्हाडातल्यांना अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था. दोन्ही ठिकाणी शिकवण्यासोबत उपचारही होतात. विमा काढू म्हणता, पण आधीच जडलेला आजार विम्यात बसत नाही. झालं.

आता खरी गोष्ट. पैसे मागायच्या आधी डॉक्टरकडून खर्चाचा अंदाज लिहून घ्या. लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. आजार काय, उपचार किती दिवस, सलाईन किती, औषध किती.

हे मी का सांगतो? आमच्या वावरातल्या कुत्रीची दोन पिल्लं एकदमच आजारी पडली. उलट्या, रक्ताची हगवण. पार्व्हो. या विषाणूला मारणारं औषधच नाही. सलाईन लावून, उलट्या थांबवून जीव तगवायचा, म्हणून तर खर्च होतो. एका खाजगी दवाखान्यात आकडा नुसता तोंडी सांगितला. मी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. लोक विचारत राहिले, खरंच एवढे लागतात का, पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे? माझ्याकडं दाखवायला काही नव्हतं. दुसऱ्या रात्री एक पिल्लू गेलं. सकाळी दुसऱ्या डॉक्टरकडून कागद घेतला, त्यांच्याच दवाखान्याचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत पैसे जमले. तीच माणसं, तोच ग्रुप.

मिलाप, केटो या ऑनलाइन वर्गणीच्या वेबसाइटवर पैसे मागायचे तरी उपचाराचे कागद आधी मागतात. प्राणिमित्र संस्थेला फोन केला तरी त्यांचा पहिला प्रश्न तोच.

आणि मदत नकोच असेल तरी कागद घ्या. आकडे समोर आले की डॉक्टरला विचारता येतं, "साहेब, आज काय लागते, उद्यावर काय ढकलता येते? पैसे दोन हप्त्यांत दिले तर चालन का?" तोंडी आकड्यावर असं बोलताच येत नाही. लाजू नका. आपण फुकट मागत नाही, हिशोब मागतो.

एकानं लिहिलं, "कुत्र्यापायी एवढे पैसे काहून?" दादा, तुरीच्या वावरात रात्री जागलीला एकटं बसून पाहा. रानडुकराची चाहूल तुमच्या आधी कोणाला लागते ते कळेल. मला त्या कमेंटचं खरंच वाईट वाटलं.

अजून एक, कळकळीनं सांगतो. पैसे वाचवायला घरातली माणसांची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलनं मांजर मरते. त्या ताईंनी खास लक्षात ठेवा.

पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की पार्व्होवरची लस सुरू करा, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांची होईपर्यंत. आमच्या दोघांना एकही दिली नव्हती.

खाली तुमच्या तालुक्याचं नाव लिहा, आणि तिथल्या सरकारी दवाखान्यात कुत्र्याला सलाईन लावून देतात का तेही. मी यादी करून पिन करतो, रात्री-बेरात्री कोणाच्या तरी कामी येईल.