द्राक्षबागेतला बोर्ड झोपला पाहिजे

मित्रहो, निफाडकडच्या मंडळींना थंडी काय असते हे मी सांगायला नको. पारा चार-पाच अंशांवर आला की बागेत शेकोट्या पेटतात, पहाटे ठिबक सुरू होतं, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. अडचण एकच, उठायचं कधी? ओसरीवरचा पारा आणि बागेच्या खोलगट कोपऱ्यातला पारा सारखा नसतो. गार हवा जड, ती उतारानं येऊन तिथंच साचते.

त्या कोपऱ्यातला पारा मोजून घरी कळवायला मी हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घेतला. ईएसपी३२. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीनं ही चिप २०१६ साली आणली. वायफाय आणि ब्लूटूथ चिपच्या पोटातच. पत्र्याच्या मॉड्यूलच्या, म्हणजे चिप बसवलेल्या या तुकड्याच्या, टोकाला ही नागमोडी तांब्याची रेघ दिसते ना, तोच अँटेना. म्हणून डबा प्लास्टिकचाच घ्या, लोखंडी नको.

पहिल्या हिवाळ्यात मी वायफाय सतत चालू ठेवलं. २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी, बोर्ड शंभरेक मिलिअँपिअर खातोय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डबा मेलेला. मग बोर्डाला झोपवायला शिकलो, म्हणजे दोन मोजण्यांच्या मधे चिपचं बहुतेक काम बंद ठेवायला. गाढ झोपेत चिप जेमतेम दहा मायक्रोअँपिअर घेते, म्हणजे आधीच्या दहा हजारावा भाग! आता महिनोन्‌महिने चालेल म्हणून मी निर्धास्त झालो. दहा दिवसांत पुन्हा मेला.

या दहा दिवसांनी मला जेवढं शिकवलं तेवढं कशानंच नाही. मीटर लावला, तर झोपलेला बोर्ड दहा मिलिअँपिअर ओढत होता. चिप झोपली होती, पण तिचा शेजार जागा होता! पाच व्होल्टचे ३.३ करणारा रेग्युलेटर, यूएसबीची चिप आणि तो इवलासा लाल दिवा. टेबलावर शिकण्यासाठी हे सगळं हवंच, त्याशिवाय प्रोग्रॅम चढवणार कसा? बागेत मात्र नुसतं मॉड्यूल घ्या आणि स्वतः अगदी कमी वीज खाणारा रेग्युलेटर लावा.

आता हिशेब करू. दर पंधरा मिनिटांनी तीन सेकंद जाग, त्या वेळी १२० मिलिअँपिअर. तासाला चार वेळा, म्हणजे ०.४ मिलिअँपिअर-तास. कागदावर आठ महिन्यांच्या वर जातं. प्रत्यक्षात बॅटरी आपोआपही उतरते, तेव्हा कमी धरा. पण आपल्याला थंडीचे तीनच महिने हवेत.

बागेत राउटर नसतो, म्हणून मी ईएसपी-नाऊ वापरतो. एक बोर्ड थेट दुसऱ्याला निरोप देतो, जोडणीत सेकंद जात नाहीत. घरातला बोर्ड चार्जरवर कायम जागा. एक ध्यानात ठेवा, ऑक्टोबर छाटणीनंतर पानोरा भरला की पल्ला घटतो, पानांतलं पाणी लहरी शोषतं. चाचणी उघड्या बागेत करून फसू नका.

आणि मातीच्या ओलाव्याचा सेन्सर जोडणाऱ्यांनो, सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारे एडीसी या चिपमध्ये दोन आहेत, आणि वायफाय सुरू असताना एडीसी-दोनच्या पिना वाचता येत नाहीत. एडीसी-एकची बत्तीस ते छत्तीस किंवा एकोणचाळीस नंबरची पिन घ्या. यात माझा अख्खा रविवार गेलाय.

पारा सहाच्या खाली गेला की घरात बझर वाजतो. वडील उठतात, मोटर चालू करतात. पूर्वी ते दोन-दोनदा टॉर्च घेऊन बागेत जात. हा डबा आता मागच्या रांगेपर्यंत फिरवा, झाकण उघडून बघा.