ओळखीचं घर, कागदावर

कागद दोन, घर एकच. डावीकडचं चित्र आत बसून आठवणीनं काढलेलं आहे. दरवाजा बरोबर मध्यावर, खिडक्या सारख्या, छपराचा त्रिकोण दोन्हीकडून समान. उजवीकडचं चित्र बाहेर, घरासमोर बसून काढलेलं. इथे दरवाजा एका अंगाला सरकलाय, लांबची खिडकी अरुंद झालीय आणि त्रिकोणाची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड आहे. पहिल्या चित्रात घराविषयी माहीत असलेलं सगळं उतरलंय, दुसऱ्यात समोर दिसलेलं. आपल्याच घराचं चित्र अवघड जातं ते यामुळे. परक्या घराबद्दल डोक्यात काही भरलेलं नसतं, त्यामुळे डोळे निमूट काम करतात.

साहित्य फार लागत नाही. ए-३ आकाराचा जाडसर कागद, टेकायला बोर्ड, चार चिमटे, एच (कडक, फिकट), २बी आणि ४बी (मऊ, गडद) पेन्सिली, मऊ खोडरबर. पट्टी पिशवीतच राहू द्या.

आता जागा. हे घर कोपऱ्यातून बघताना साधारण १२ मीटर रुंद दिसतं, म्हणून स्टूल १८ मीटरवर ठेवलंय. दिसणाऱ्या रुंदीच्या दीडपट अंतर हवंच. त्याहून जवळ बसलं तर घर बघायला मान फिरवावी लागते, आणि मान फिरली की दर वेळी वेगळं चित्र समोर येतं. मोबाइलवर फोटो काढून तो गिरवायचा मोह होतो. पण फोन जरासा वर तिरपा झाला की भिंती वरच्या बाजूला आत झुकतात, आणि ती चूक जशीच्या तशी कागदावर येते. शिवाय मापं घ्यायचं शिकणं राहूनच जातं, आणि खरं शिक्षण तर तेच आहे.

हा हात नीट पाहा. कोपर ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल उभी. पेन्सिलीचं टोक दरवाजाच्या चौकटीच्या वरच्या कडेला लावलंय, अंगठा उंबऱ्यापर्यंत खाली सरकवलाय. हा झाला एक दरवाजा. आता सगळं घर याच मापानं मोजायचं. जमिनीपासून आढ्यापर्यंत अडीच दरवाजे. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत साडेपाच. कागदावर दरवाजा ६ सेंटिमीटरचा धरला, तर उंची १५ आणि रुंदी ३३ सेंटिमीटर होते. कागद ४२ सेंटिमीटरचा आहे, म्हणजे दोन्हीकडे साडेचार-साडेचार सेंटिमीटर मोकळे राहतात. हा हिशेब आधी केला नाही, तर शेवटची खिडकी कागदाच्या कडेवर चेंगरते.

इथे कोपर वाकलंय. डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असलेली पेन्सिल ५० वर आली, आणि माप एका झटक्यात सहाव्या हिश्श्यानं कमी भरलं. बहुतेक वाकडी घरं इथेच जन्माला येतात.

पुढची पायरी डोळ्यांच्या पातळीची. बोर्ड आडवा धरून हळूहळू वर उचला. त्याची वरची बाजूही दिसेना आणि खालचीही दिसेना, नुसती कड उरली, की ती पातळी सापडली. स्टुलावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून सुमारे ११५ सेंटिमीटरवर असतात. या घराच्या जोत्याला तीन पायऱ्या आहेत, प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या. ४५ वजा केले की उरतात ७०. दरवाजा २१० सेंटिमीटर उंच, म्हणजे पातळीची रेषा त्याच्या खालच्या एक तृतीयांशावरून जाते, कडीच्याही बऱ्याच खालून. कागदावर उंबऱ्यापासून बरोबर २ सेंटिमीटर वर. या रेषेच्या वर असलेल्या सगळ्या आडव्या कडा लांब जाताना खाली उतरतात आणि रेषेखालच्या वर चढतात. वळचण उतरते, जोत्याची कड चढते. डावी भिंत डावीकडे एका बिंदूत मिळते, उजवी उजवीकडे, आणि दोन्ही बिंदू याच रेषेवर असतात. त्यांना व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात.

लांब जाणाऱ्या कडा अशा बिंदूत मिळवण्याची ही रीत पहिल्यांदा जाहीरपणे करून दाखवली वास्तुकार फिलिप्पो ब्रुनेलेस्कीनं, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला, इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये. त्यानं निवडलेली इमारत शहरातला प्रत्येक माणूस ओळखत होता: कॅथीड्रलच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, दारासमोरची बाप्तिस्ट्री (बाप्तिस्मा देण्याची इमारत). चित्राच्या फळीला त्यानं एक भोक पाडलं. बघणाऱ्यानं फळीच्या मागून त्या भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्राचं प्रतिबिंब पाहायचं. ओळखीच्या इमारतीशी चित्र ताडून बघायची ही सोय होती. १४३५मध्ये अल्बेर्ती या इटालियन विद्वानानं या रीतीचे नियम लिहून काढले आणि चौकटीत ताणलेल्या दोऱ्यांच्या जाळीतून बघण्याची युक्ती सांगितली. ती जाळी आजही घरच्या घरी करता येते: जाड पुठ्ठ्याची चौकट, साधा शिवणदोरा, दर ५ सेंटिमीटरला एक गाठ. कागदावर तेवढेच चौकोन फिकट आखायचे आणि एकेका चौकोनात दिसेल तेवढंच उतरवायचं.

परत आपल्या घराकडे. दोन बिंदूंमधलं अंतर इथे मीटरभराहून जास्त भरतं, त्यामुळे ते कागदावर मावत नाहीत. मावलेच पाहिजेत असा हट्ट धरला तर काय होतं ते या कागदावर आहे: घराचा जवळचा कोपरा जहाजाच्या पुढच्या टोकासारखा अंगावर येतो. उपाय सोपा आहे. कागद टेबलावर चिकटवायचा, पातळीची रेषा टेबलावर दोन्हीकडे वाढवायची, तिच्यावर दोन टाचण्या रोवायच्या आणि दोरा बांधायचा. दोरा ताणला की वळचणीचा, खिडकीच्या कडेचा, पायरीचा उतार हातात येतो.

छपराचा त्रिकोण सगळ्यांना फसवतो. त्रिकोणाखालच्या भिंतीचे दोन कर्ण काढा. ते छेदतात तिथून उभी रेषा वर न्या. आढ्याचं टोक त्या रेषेवरच असतं. भिंतीचा जवळचा अर्धा भाग आता रुंद दिसतो, लांबचा अरुंद. मोजून काढलेला मध्य इथे कामाचा नाही.

खिडक्यांपाशी घाई नको. भिंतीला जाडी आहे. उजवीकडे मागे जाणाऱ्या भिंतीत खिडकीची लांबची बगल दिसते, जवळची झाकली जाते. जाडीची ही एक बारीक पट्टी राहिली तर खिडकी भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखी दिसते. आणि काच पांढरी सोडू नका. दिवसा बाहेरून पाहिलं तर खोली अंधारी असते, काच भिंतीपेक्षा गडद दिसते. तिथे ४बी चालवा.

कौलं सगळी काढायची नसतात. वळचणीच्या कडेला दहा-बारा, आढ्याशी पाच-सहा, आणि उन्हा-सावलीच्या सीमेवर काही. बाकीची बघणाऱ्याचे डोळे भरून काढतात.

सावलीची बाहेरची रेषा मात्र एका दमात आखून घ्या आणि कोपऱ्यात वेळ लिहा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. दहा वाजता सुरू केलेली सावली अकराला पुरी केली, तर एकाच घरावर दोन वेगवेगळ्या दिशांनी ऊन पडलेलं दिसतं.

काम झालं की फिक्सेटिव्ह, म्हणजे पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायचा फवारा, ३० सेंटिमीटरवरून, दोन पातळ थर, मध्ये दहा मिनिटं वाळू द्यायचं. एकदम जाड थर दिला तर कागदावर डाग उठतात. फवारा मोकळ्या हवेतच मारा.