वाण नाही पण गुण लागला: प्रिऑनची गोष्ट

टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो बेळगावच्या माणसाला दाखवायला नको, सकाळी मंकी कॅप घातलेली निम्मी टिळकवाडी तिथंच चालत असते. ब्रिटिशांच्या काळात इथं देवीची लस तयार व्हायची. देवीचा विषाणू बाहेरचा, शरीर त्याला ओळखायचं आणि लढायचं, म्हणून लस चालली, आणि १९८० ला देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. आज प्रिऑननं होणाऱ्या ज्या रोगाबद्दल बोलायचंय त्यात हे गणितच चालत नाही, कारण शत्रू घरातलाच आहे.

१९७२ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनली प्रुसिनर नावाचा तरुण डॉक्टर न्यूरॉलॉजी शिकत होता. त्याच्याकडं एक बाई आली, विसरायला लागलेली, रोजची साधी कामं जमेनात. रोगाचं नाव क्रॉइट्झफेल्ड-याकोब, वर्षाला दहा लाखांत एखाद-दुसऱ्याला होणारा. मेंदू संपत चाललाय पण ताप नाही, रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या नाहीत, शरीराला कशाचा पत्ताच नाही! सगळे म्हणायचे हा स्लो व्हायरस आहे, म्हणजे खूप हळूहळू रोग करणारा विषाणू. प्रुसिनरला वाटलं, चला, शोधूया की मग हा व्हायरस.

त्यानं अभ्यासाला मेंढ्यांचा स्क्रेपी घेतला, तोही असाच मेंदूचा रोग. मेंढी कुंपणाला अंग घासत राहते, लोकर उपटून निघते, मग तोल जातो आणि मरते. (चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या धनगर मंडळींनी घाबरू नका, स्क्रेपी माणसाला होतो असा पुरावा नाही.) अडचण वेगळीच होती. एका नमुन्यात रोगाचा जोर किती आहे हे मोजायला साठ उंदीर आणि वर्षभर वाट. असं करून माणूस म्हातारा व्हायचा की! मग हॅम्स्टर वापरले, चार हॅम्स्टर, साठ दिवस, काम झालं. नोबेलच्या गप्पांत हे कोण सांगत नाही, पण मला विचाराल तर सगळा खेळ इथंच फिरला.

नमुना जसा शुद्ध होत गेला तसं त्यात प्रोटीनच सापडत राहिलं, व्हायरसमध्ये असतं ते डीएनए-आरएनए, म्हणजे जीनचं सामान, काय हाताला लागेना. मधल्या काळात एका मोठ्या संस्थेनं त्याचं फंडिंगसुद्धा थांबवलं. तरी १९८२ ला त्यानं लिहिलंच, की हे नुसतं प्रोटीन आहे, आणि नाव दिलं प्रिऑन. लोक तुटून पडले, जीन नसताना एखादी गोष्ट वाढेलच कशी? १९८५ ला तर आणखी घोळ, या प्रोटीनचा जीन निरोगी प्राण्यांतही सापडला, म्हणजे तुमच्या-माझ्यातही आहे.

मग रोग कशानं? तर घडीनं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, ती ठराविक पद्धतीनं दुमडते. प्रिऑनमध्ये अमिनो आम्लांचा क्रम तोच, पण पिळाच्या जागी सपाट पट्ट्या होतात. हे बिघडलेलं प्रोटीन चांगल्या प्रोटीनला चिकटलं की तेही तसंच दुमडतं. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, अगदी तसंच. आणि हे प्रोटीन चिवट एवढं की साध्या उकळण्यानं किंवा फॉर्मॅलिननं जात नाही.

१९९३ ला झुरिचमध्ये चार्ल्स वाइसमनच्या टीमनं हा जीनच काढून टाकलेल्या उंदरांना स्क्रेपी टोचला. उंदरांना काहीच झालं नाही. बिघडवायला चांगलं प्रोटीनच शिल्लक नव्हतं ना! १९९७ ला प्रुसिनरला एकट्याला नोबेल मिळालं. तोवर ब्रिटनमध्ये मॅड काऊ, म्हणजे गाईंचा प्रिऑन रोग, होऊन गेलेला, गाईंना मांस-हाडांचा चुरा खायला घातला आणि १९९६ ला कळलं की ते माणसांपर्यंत आलंय. गाईला गाईचं मांस चारणं, काय बोलायचं यावर.

वाइसमनच्या त्या उंदरांवरूनच आता औषध शोधणं चाललंय. अमेरिकेतल्या सोनिया वल्लभ वकील होत्या. २०१० ला आई प्रिऑन रोगानं गेली, नंतर टेस्टमध्ये कळलं की आईच्या त्या जीनमधला बिघाड त्यांच्यातही आहे. त्या आणि त्यांचा नवरा एरिक मिनिकेल, दोघांनी नोकऱ्या सोडल्या, पीएचडी केली आणि आता दोघं मिळून लॅब चालवतात. कल्पना अशी की हे प्रोटीन शरीरात बनणंच कमी करायचं. आयोनिस कंपनीच्या अशाच एका औषधाची माणसांवर ट्रायल सुरू झालीये, ते पाठीच्या कण्यातून देतात. पण ती ट्रायल लक्षणं दिसायला लागलेल्या पेशंटवर आहे. सोनियासारख्या, अजून ठणठणीत असलेल्या माणसाला ते कधी द्यायचं, आणि उपयोग झाला हे सिद्ध कसं करायचं, यावर आता खल चाललाय.