लहिये, दुभाषे आणि ॲरिस्टॉटल

(दृश्य : व्हॅटिकन, राफाएलचे भित्तिचित्र. कॅमेरा कमानीवरून सावकाश मध्यभागी येतो.)

पाश्चात्त्य संस्कृतीवरील ग्रीक तत्त्वज्ञांच्या प्रभावाचा विषय निघाला की माहितीपट बहुधा याच भिंतीपासून सुरू होतो, आणि हा माहितीपटही त्याला अपवाद नाही. राफाएलने १५०९ ते १५११ या काळात पोपच्या दालनात हे चित्र रंगवले. मध्यभागी उभा असलेला वृद्ध प्लेटो बोट वर करून काही सांगत आहे, शेजारच्या ॲरिस्टॉटलचा तळहात जमिनीकडे वळलेला आहे, आणि दोघांच्या हातात एकेक बांधीव ग्रंथ आहे. प्रत्यक्षात त्यांच्या काळी असे ग्रंथ नव्हतेच. होत्या त्या पपायरसच्या गुंडाळ्या. त्या गुंडाळ्यांतील मजकूर अठराशे वर्षे कोणाकोणाच्या हातांतून गेला, हे या चित्रावरून कळत नाही.

(दृश्य : अथेन्स, लायसियमचे अवशेष.)

१९९६ साली एका कलासंग्रहालयाच्या बांधकामापूर्वी खोदकाम चालू असताना अथेन्सच्या मध्यवस्तीत ही जोती उघडी पडली. इ.स.पू. ३३५ च्या सुमारास ॲरिस्टॉटलने लायसियमच्या याच परिसरात आपली शाळा सुरू केली होती. त्याच्या पश्चात त्याच्या ग्रंथसंग्रहाचे काय झाले, याची हकिकत स्ट्रॅबो या भूगोलकाराने लिहून ठेवली आहे. तो सांगतो, की संग्रह आशिया मायनरमधील स्केप्सिस या गावी एका शिष्याच्या वारसांकडे गेला, राजाच्या ग्रंथालयासाठी तो जप्त होईल या भीतीने वारसांनी गुंडाळ्या जमिनीखाली दडवल्या, आणि तिथे त्यांना ओल आणि कसर लागली. पुढे त्या विकल्या गेल्या, अथेन्सला परत आल्या, आणि इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने शहर जिंकल्यावर रोमला नेल्या गेल्या. ही हकिकत कितपत खरी मानावी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मात्र ॲरिस्टॉटलने सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या संवादांपैकी एकही आज अखंड उरलेला नाही, आणि जे आपण वाचतो ते मुख्यतः शाळेतील व्याख्यानांचे लेखन आहे, याबद्दल दुमत नाही.

(दृश्य : चर्मपत्राची कार्यशाळा. चौकटीवर ताणलेले कातडे, जवळून.)

पपायरस दमट हवेत टिकत नाही. युरोपात ग्रंथ तगले ते प्रामुख्याने वासराच्या, मेंढीच्या आणि बकरीच्या कातड्यावर. कातडे अनेक दिवस चुन्याच्या पाण्यात भिजत ठेवायचे, केस सुटले की ते खरवडून काढायचे, मग लाकडी चौकटीवर चारही बाजूंनी दोऱ्यांनी ताणून अर्धचंद्राकृती पात्याने तासत जायचे. कातडे वाळू लागले की आक्रसते, म्हणून दोऱ्या पुन्हा आवळाव्या लागतात. पाते किंचित तिरके लागले तरी भोक पडते, आणि ताण वाढला की ते भोक गोल होत जाते. जुन्या पोथ्यांत अशा भोकांना वळसा घालून लिहिलेल्या ओळी जागोजागी आढळतात. कातडे पूर्ण वाळल्यावर पाने कापायची, टोकदार साधनाने ओळी आखायच्या, आणि ओकच्या झाडावरील गाठी व हिराकस यांपासून केलेल्या शाईत लेखणी बुडवायची. तत्त्वज्ञानाचे पहिले वाक्य उतरण्याआधीचे हे सगळे श्रम आहेत, आणि तत्त्वज्ञानाच्या इतिहासात त्यांना क्वचितच जागा मिळते.

(दृश्य : ऑक्सफर्ड, बॉडलियन ग्रंथालय. प्लेटोच्या पोथीचे पान.)

या पोथीत मात्र त्या श्रमांचा हिशेब आहे. प्लेटोचे चोवीस संवाद असलेली ही पोथी योहान नावाच्या लहियाने इ.स. ८९५ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण केली. ती करवून घेणारा अरेथास तेव्हा चर्चमध्ये कनिष्ठ पदावर होता आणि पुढे तो आर्चबिशप झाला. पोथीच्या अखेरीस नोंद आहे, की लेखनासाठी तेरा आणि चर्मपत्रासाठी आठ सुवर्णनाणी पडली. समासात बारीक अक्षरांत दिसणाऱ्या टिपा खुद्द अरेथासच्या हातच्या आहेत. एका ख्रिस्ती धर्माधिकाऱ्याने मूर्तिपूजक तत्त्वज्ञाच्या संवादांवर पदरचे सोने खर्च करावे आणि वर ते इतक्या बारकाईने वाचावेत, हे त्या काळाविषयीच्या आपल्या ठोकळेबाज समजुतींत बसत नाही. १८०१ साली एडवर्ड क्लार्क या इंग्रज प्रवाशाला ही पोथी पाटमॉस बेटावरील मठात मिळाली.

(दृश्य : पॅरिस, राष्ट्रीय ग्रंथालय. अरबी हस्तलिखित, समासातील टिपा.)

हा ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांचा अरबी अनुवाद आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये खलिफांच्या आणि धनिकांच्या आश्रयाने ग्रीक ग्रंथांच्या अनुवादाचे मोठे काम उभे राहिले. त्यातील अग्रणी हुनैन इब्न इसहाक हा अरबी भाषक ख्रिस्ती वैद्य होता. ग्रीकमधून सिरियाक या पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांच्या ग्रंथभाषेत आणि सिरियाकमधून अरबीत, अशा दोन टप्प्यांत हे काम पुष्कळदा चाले. एका ग्रंथाच्या जितक्या ग्रीक प्रती मिळतील तितक्या गोळा करायच्या, त्या ताडून शुद्ध संहिता ठरवायची आणि मगच अनुवादाला हात घालायचा, ही हुनैनची पद्धत होती. गेलेन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या एका ग्रंथासाठी आपण मेसोपोटेमिया, सिरिया, पॅलेस्टाइन आणि इजिप्तमध्ये थेट अलेक्झांड्रियापर्यंत फिरलो, आणि शेवटी दमास्कसमध्ये त्याचा सुमारे अर्धाच भाग हाती लागला, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याचा मुलगा इसहाक याने ॲरिस्टॉटलचे अनेक ग्रंथ अरबीत आणले. या पानाच्या समासातील दाट टिपा पाहिल्या, की अरबांनी ग्रीक ज्ञान केवळ ‘जपून ठेवले’ हे नेहमीचे वाक्य किती अपुरे आहे, ते लक्षात येते.

(दृश्य : टोलेडो. ताहो नदीचे वळण, अरुंद गल्ल्या.)

१०८५ मध्ये सहाव्या अल्फॉन्सो या ख्रिस्ती राजाने स्पेनमधील टोलेडो हे शहर मुसलमान सत्तेकडून जिंकले, पण शहरातील अरबी ग्रंथ आणि अरबी जाणणारी माणसे तिथेच राहिली. बाराव्या शतकात इटलीतील क्रेमोनाचा जेरार्ड प्राचीन ज्योतिर्विद टॉलेमीचा खगोलशास्त्रावरील ग्रंथ शोधत इथे आला, अरबी शिकला आणि इथेच रमला. त्याच्या मृत्यूनंतर शिष्यांनी केलेल्या यादीत सत्तरहून अधिक अनुवाद आहेत, आणि त्यांत ॲरिस्टॉटलच्या ‘भौतिकी’चाही समावेश आहे. काही अनुवाद दोघांनी मिळून होत. इब्न सीनाच्या आत्म्याविषयीच्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत ती रीतच सांगितली आहे : अव्हेंडाउथ हा ज्यू विद्वान अरबी मजकूर शब्दशः बोलीभाषेत सांगे, आणि डोमिनिकस गुंडिसाल्विनस हा ख्रिस्ती धर्मगुरू तो लॅटिनमध्ये उतरवी. ग्रीक विचारांवर उभारलेला मुसलमान तत्त्वज्ञाचा ग्रंथ ज्यू माणसाच्या तोंडून ख्रिस्ती माणसाच्या लेखणीत उतरत होता. युरोपच्या ‘शुद्ध’ वारशाचे गोडवे गाणाऱ्यांना हे दृश्य अडचणीचे वाटत असावे.

काही अनुवाद थेट ग्रीकमधूनही झाले. व्हेनिसच्या जेम्सने बाराव्या शतकात आणि मोर्बेकच्या विल्यमने तेराव्या शतकात ते केले. या दोन वाटा एकमेकींना पूरक ठरल्या, कारण ॲरिस्टॉटल समजून घेण्यासाठी लॅटिन वाचकांना कॉर्डोबाचा अरबी भाष्यकार इब्न रुश्द याच्या भाष्यांची गरज होतीच.

(दृश्य : पॅरिस, विद्यापीठाचा जुना परिसर.)

१२१० साली पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटलच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनावर बंदी आली, १२५५ मध्ये तेच ग्रंथ अभ्यासक्रमात सक्तीचे झाले, आणि थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती विचारवंताच्या धर्मशास्त्रापासून विद्यापीठांतील तर्कपद्धतीपर्यंत, पुढे गॅलिलिओच्या ॲरिस्टॉटलविरोधी युक्तिवादांपर्यंत, युरोपातील विचारांची घडण त्यांच्याशी बांधली गेली.

(दृश्य : व्हेनिस, छापील ग्रीक पाने.)

मुद्रक आल्डस मनुशियसने १४९५ ते १४९८ या काळात ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांची ग्रीक संहिता पाच खंडांत छापली. लहियाचे काम आता छपाईचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे आले, पण त्याच्यापुढे ठेवायला हस्तलिखित प्रत आणि ती तपासायला ग्रीक जाणणारा माणूस लागतच होता. १५१३ मध्ये याच छापखान्यातून प्लेटोचे समग्र ग्रंथ बाहेर पडले. त्यांची संहिता क्रीटमध्ये जन्मलेल्या मार्कस मुसुरसने सिद्ध केली होती.