इंजेक्शननंतरचा एमआरआय काय सांगतो

मंडळी, शिरोलीच्या फाउंड्रीत राबणारे, उसाच्या मोळ्या उचलणारे, तालमीतले पैलवान माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात बऱ्याचदा दोन पाकिटं असतात. मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली जाते, पायात कळ येते, म्हणून कमरेत इंजेक्शन घेतलेलं असतं. एक पाकीट त्या इंजेक्शनआधीच्या एमआरआयचं, दुसरं नंतरचं. प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, गादी आत गेली का?"

गादी आत जात नसते. बाहेर आलेला भाग सुकतो, आकसतो, कधी पूर्ण नाहीसा होतो. आणि हे बऱ्याचदा इंजेक्शनाशिवायही घडतं.

गादी म्हणजे दोन मणक्यांमधली चकती. तिच्या आतल्या गराला रक्तवाहिन्या नसतात. तो आत असेपर्यंत शरीराला त्याची खबर नसते. बाहेरचं कडं फाडून, मागचा पट्टा ओलांडून तो नसांच्या पोकळीत आला की शरीर त्याला परका समजतं. नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, भक्षक पेशी येतात आणि तुकडा खायला लागतात. शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयवर उजळ दिसणारं औषध, देऊन एमआरआय काढला, तर तुकड्याभोवती कडा उजळलेली दिसते. ती दिसली की मला आशा वाटते. तुकड्याची सफाई सुरू झालेली असते.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यातले आकडे सांगतो. ऑपरेशनशिवाय आकसण्याचं प्रमाण सुटून पडलेल्या तुकड्यांत ९६ टक्के, बाहेर ओघळलेल्या गरात ७०, पुढे आलेल्या चकतीत ४१ आणि नुसत्या फुगलेल्या चकतीत १३ टक्के होतं. म्हणजे रिपोर्ट वाचून ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, तोच तुकडा विरण्याची शक्यता जास्त.

मग इंजेक्शन काय करतं? सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर बघत सुई नसेजवळ नेतात, एक्स-रेवर दिसणारा डाय सोडून जागा पक्की करतात आणि स्टेरॉइड देतात, बहुधा भुलीच्या औषधाबरोबर. त्यानं गर विरघळत नाही. नसेभोवतीची सूज उतरते. म्हणून पाय हलका झालेला असतो आणि फिल्म मात्र तशीच, असं पुष्कळदा होतं. ते अपयश नव्हे. उलट सहा महिन्यांनी तुकडा लहान दिसला, तर सगळं श्रेय सुईला देणंही बरोबर नाही. असे दोन फोटो शेजारी लावून जाहिरात केली जाते, याचा मला मनापासून राग येतो. वेदनेनं हैराण झालेला माणूस त्यावर विश्वास ठेवतो.

चकतीवरच काम करणारी औषधं वेगळी. पपईच्या चिकापासून काढलेलं कायमोपापेन १९८२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ॲलर्जीच्या गंभीर प्रतिक्रियांनी ते बदनाम झालं आणि पुढे बाजारातून गेलं. जपाननं २०१८ मध्ये कॉन्डोलिएज मंजूर केलं. ते गरातलं पाणी धरून ठेवणारे रेणू तोडतं. नंतरच्या एमआरआयवर फुगवटा कमी दिसतो, पण चकतीची उंचीही कमी झालेली असू शकते. कमरेला त्याची किंमत किती, हे पेशंटला आधी सांगायलाच हवं.

तेव्हा दुखणं उतरत असेल, पायाची ताकद शाबूत असेल, तर केवळ खात्री म्हणून पुन्हा एमआरआयचा खर्च करू नका. पाऊल लटकं पडू लागलं तर लगेच दाखवा. आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी पेशंटला घेऊन थेट मोठं इस्पितळ गाठा. तिथं एमआरआयही तातडीनं लागतो आणि बहुधा ऑपरेशनही.