अशक्तपणा नेमका कोणत्या स्नायूंचा?

(पुण्यातील फॅमिली डॉक्टरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

‘अशक्तपणा आलाय’ असे सांगणारे पेशंट आपल्या दवाखान्यात रोज येतात आणि त्यांतल्या बहुतेकांना स्नायूंचा आजार नसतो. कुणाचे हिमोग्लोबिन कमी असते, कुणाची साखर वाढलेली असते, कुणाची झोप पुरी होत नसते. याच गर्दीत कधीतरी मायस्थेनिया ग्रॅव्हिसचा, म्हणजे मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत नीट न पोहोचण्याच्या आजाराचा पेशंट असतो आणि सलाईन लावून, बी-बाराचे इंजेक्शन घेऊन तो घरी परत जातो. त्याला ओळखायचे तर अशक्तपणा दिवसाच्या कोणत्या वेळी येतो आणि नेमके कोणते काम अडते, हे दोन प्रश्न प्रत्येकाला विचारायलाच हवेत, असा माझा आग्रह आहे.

आधी वेळेचा प्रश्न. मज्जातंतूचा संदेश ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत स्नायूपर्यंत पोहोचतो. मायस्थेनियात शरीराने स्वतःच तयार केलेल्या अँटिबॉडी स्नायूवरचे त्याचे रिसेप्टर, म्हणजे हे रसायन टिपणारे रेणू, निकामी करतात. एकामागून एक संदेश येत राहिले की दर खेपेस सुटणारे रसायन थोडे कमी होते. निरोगी माणसात रिसेप्टर मुबलक असल्याने हे जाणवत नाही, पण या पेशंटचा स्नायू कामासरशी थकतो आणि विसाव्यानंतर पुन्हा चालू लागतो. म्हणून सकाळी चांगली उघडी असलेली पापणी संध्याकाळी खाली येते, रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे दोन-दोन दिसतात, फोनवर बोलता बोलता आवाज नाकातून येऊ लागतो, आणि भाकरी चावताना अर्ध्या जेवणातच जबडा इतका थकतो की माणूस हनुवटीला हाताचा आधार देऊन घास संपवतो. सकाळच्या ओपीडीत यांतले काहीच दिसत नाही. अशा वेळी घरच्यांना मोबाईलवर संध्याकाळचा फोटो काढून आणायला सांगावे. त्या फोटोने निदान पुष्कळ लवकर होते.

तपासताना पेशंटला मिनिटभर नजर वर धरायला लावा, म्हणजे पापणी हळूहळू उतरताना दिसेल. मग रुमालात बर्फ गुंडाळून मिटलेल्या डोळ्यावर दोन मिनिटे ठेवा. त्यानंतर पापणी दोन मिलिमीटर किंवा अधिक वर आली, तर मायस्थेनियाचा संशय बळावतो. रिसेप्टरविरोधी अँटिबॉडी सर्वांगात पसरलेल्या आजारात सुमारे 85 टक्के पेशंटमध्ये सापडतात, पण आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर जेमतेम निम्म्यांमध्ये. त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून पेशंटला मोकळे करू नये. मस्क या स्नायूवरच्या दुसऱ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची तपासणी आणि मज्जातंतूला पुन्हा पुन्हा विद्युत उद्दीपन देऊन केलेली चाचणी यांनी उरलेल्यांपैकी बरेच जण सापडतात. छातीचा सीटी स्कॅन सर्वांचाच करावा, कारण दहा ते पंधरा टक्के पेशंटमध्ये छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ असते.

1934 साली मेरी वॉकर यांनी ग्रीनिचच्या रुग्णालयात फायसोस्टिग्मिन देऊन अशा पेशंटची शक्ती काही तासांपुरती परत आणून दाखवली. आजचे पायरिडोस्टिग्मिन त्याच वळणाचे औषध आहे. ते लक्षणे आवरते, मूळ आजार नाही. मूळ आजारासाठी स्टिरॉइड आणि ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे लागतात, मात्र स्टिरॉइडचा मोठा डोस एकदम दिल्यास सुरुवातीच्या आठवड्यांत अशक्तपणा वाढू शकतो. रिसेप्टरविरोधी अँटिबॉडी असलेल्या, पण गाठ नसलेल्या पेशंटनाही थायमस काढल्याने फायदा होतो, हे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने सिद्ध केले. आणि कृपा करून या पेशंटना जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ॲझिथ्रोमायसिन सहज लिहून देऊ नका.

श्वासाचे स्नायू थकू लागले तरी ऑक्सिमीटरवरचा आकडा बराच वेळ चांगला दिसतो आणि तोच घात करतो. पेशंटला एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला सांगा. विसाच्या आतच दम संपत असेल, तर त्याला तातडीने आयसीयू असलेल्या रुग्णालयात हलवा. तिथे शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देता येते किंवा प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे अँटिबॉडी असलेला रक्तद्रव बदलणे, करता येते.

एक इशारा मात्र इथेच द्यायला हवा: उतरलेली पापणी दर वेळी मायस्थेनियाचीच नसते. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि मिटलेल्या पापण्या घेऊन आला, तर आधी मण्यार चावल्याचा विचार करावा, मग अंगावर दंशाची खूण दिसो वा न दिसो.

आता कामाचा प्रश्न. खुद्द स्नायूंच्या आजारांत बहुधा खांदे आणि मांड्या आधी दुबळ्या होतात. जिना चढणे, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठणे, वेणी घालणे, फडताळावरचा डबा काढणे ही कामे अडतात. यांतले काही आजार बरे होण्याजोगे आहेत आणि ते आधी शोधावेत: थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता, पोटॅशियमची घट, कोलेस्टेरॉलसाठी घेतलेले स्टॅटिन, आणि पापण्यांवर व बोटांच्या सांध्यांवर चट्टे आणणारा डर्मॅटोमायोसायटिस.

डुशेन डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आनुवंशिक आजाराचा मुलगा तीन ते पाच वर्षांचा असतो. त्याच्या पोटऱ्या भरलेल्या दिसतात आणि जमिनीवरून उठताना तो स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येतो. एसजीओटी-एसजीपीटी ही यकृताची म्हणून ओळखली जाणारी एन्झाइम वाढलेली पाहून त्याच्यावर महिनोन्‌महिने यकृताचे उपचार होतात, वास्तविक ही एन्झाइम स्नायूंतूनही येतात. सीपीके या स्नायूंच्या एन्झाइमची एक रक्तचाचणी केली की उलगडा होतो, आणि मग जनुकीय चाचणी करावी. स्टिरॉइडने चालणे काही वर्षे टिकते, पण आजार बरा होत नाही. हृदय आणि श्वास दोन्ही नियमित तपासावे लागतात. पुढच्या गरोदरपणाआधी आईची चाचणी व्हायलाच हवी, आणि ती वाहक, म्हणजे सदोष जनुक बाळगणारी, निघाली तर तिचाही टूडी इको अधूनमधून करावा, कारण वाहक स्त्रियांचे हृदयही या आजारात दुबळे होऊ शकते.