चौकटीतल्या नोंदी

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या बाजूला एक खिळा आहे. त्याला कॅलेंडर टांगलंय आणि त्याच खिळ्याला दोरीनं पेन बांधलंय. पेन हाताशी नसलं की नोंद राहते, आणि राहिलेली नोंद महिनाअखेरीला दुधाच्या हिशेबात घोळ घालते. आज तुमच्याशी बोलायला बसले तेव्हा कुठून सुरुवात करावी हे कळेना, म्हणून जुनी कॅलेंडरं काढली. नऊ वर्षांची आहेत माझ्याकडं, पलंगाच्या कप्प्यात, गुंडाळून रबर लावून ठेवलेली. त्यातलंच थोडं वाचून दाखवते.

१९७३ पासून कालनिर्णय आपल्या घरांत येतंय. एकादशी कधी, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजता, हे बघायला आपण ते आणतो. पण एकदा ते घरातल्या बाईच्या हाताखाली आलं की त्याची रोजकीर्द होते, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही. माझ्याकडं चौकटीत 'दीड' लिहिलंय म्हणजे दीड लिटर दूध. फुली म्हणजे खाडा. 'मा. नाही' म्हणजे भांडीवाल्या मावशी आल्या नाहीत. 'गॅस जो.' म्हणजे नवा सिलिंडर त्या दिवशी जोडला. किती दिवस पुरतो ते कळायला हवं, नाहीतर ऐन पाहुण्यांत संपतो.

रोजकीर्द हा शब्द माझ्या तोंडात बसलेला आहे. लग्नाआधी आणि नंतर मिळून आठ वर्षं मी एका पतसंस्थेत होते. आधी रोखपाल, मग कीर्द-खतावणी. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही ही तिथली शिस्त. २०१६ साली मुलगी झाली. तिला सांभाळायला कुणी नव्हतं, सासूबाईंचे गुडघे तेव्हाच धरले होते, आणि खरं सांगायचं तर तिला दुसऱ्याच्या हातात देऊन निघायला माझाच पाय उचलेना. मी राजीनामा दिला. मला कुणी भाग पाडलं नाही. पण खुर्ची सोडली म्हणून जमाखर्चाची नजर काही गेली नाही.

आता ही २०१६ ची पानं. दीड महिन्याची झाली तेव्हा पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोस, अडीच महिन्यांनी दुसरा, साडेतीन महिन्यांनी तिसरा. तिन्ही तारखांना लाल गोल. प्रत्येक गोलाच्या पुढच्या चौकटीत बारीक अक्षरात आकडे आहेत. १००.४. १०१. आणि त्याखाली 'रात्री ३:४०'. ते वाचताना मला ती रात्र दिसते. झिरोचा दिवा, वाटीत पाणी, पंचाची घडी, आणि मांडीवर तापलेला तो एवढासा जीव. लसीनंतर ताप येतो, डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं असतं, तरी पहाटे पावणेचारला ते सांगणं आठवत नाही. त्यावेळी फक्त थर्मामीटर असतो आणि आपण असतो.

बहिणींनो, ही चौकट माझ्यापुरती मी लिहिली. तुमच्यातल्या कित्येकींनी ती लिहिली नसेल, पण डोक्यात आहे. कुणाला कोणतं औषध चालत नाही, पीटीचा गणवेश कुठल्या वारी, सासऱ्यांची साखरेची गोळी जेवणाआधी की नंतर, लाईटबिलाची शेवटची तारीख, डाळीला कीड लागायच्या आत ऊन द्यायला हवं. हात रिकामे असले तरी डोकं रिकामं नसतं.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०२४ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरी येऊन विचारतात, काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंत काय काय केलंत? अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने असतात. त्यातून निघालेला आकडा असा, की घरातलं बिनपगारी काम करणारी बाई त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालते आणि ते काम करणारा पुरुष ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. मुलांना, म्हाताऱ्यांना बघण्याचा वेळ त्यात धरलेला नाही, तो वेगळा मोजतात. हे मोजायला लागलेत याचं मला समाधान आहे. कीर्दीत आलं म्हणजे निदान कुणीतरी ते वाचणार. पण लक्षात ठेवण्याला रकाना कुठला? ते काम भाजी चिरताना चालतं, अंघोळ करताना चालतं, झोपेतसुद्धा चालतं.

आता २०१९ चं कॅलेंडर. हे उलगडताना अजून बोटाला माती लागते.

आम्ही तेव्हा सांगलीत मारुती चौकाच्या मागं तळमजल्यावर राहायचो. सांगलीकरांना मी वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात आपल्याकडं कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी विचारल्याशिवाय दिवस उगवत नाही. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ३५ झाले की घरातल्या बायका काही न बोलता खालच्या कप्प्यातलं वर चढवायला लागतात. आधी गहू, मग अंथरुणं, मग कागदपत्रं.

५ ऑगस्टला नागपंचमी होती, सोमवार. मी पुरणाची दिंडं वाफवायला ठेवली होती. मुलगी साडेतीन वर्षांची, मुलगा सात महिन्यांचा, सासूबाई कॉटवर, आणि हे कामासाठी कोल्हापूरला. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले होते. मग रस्ते बंद व्हायला लागले आणि ते तिकडंच अडकले. फोनवर एवढंच म्हणाले, "तू बघून घे." एरवी या वाक्याचा मला राग येतो. त्या दिवशी आला नाही, कारण त्यांच्या आवाजात जे होतं ते मी आठ वर्षांच्या संसारात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा दारात घोट्यापर्यंत पाणी होतं. एका पिशवीत किती मावतं? बाळाचं लसीकरणाचं कार्ड, गोवर-रुबेलाची सुई ऑक्टोबरमध्ये होती ना. रेशनकार्ड. सासूबाईंच्या गोळ्या. दुपटी. दुधाची पावडर. आणि डब्यात ती दिंडं. कशासाठी घेतली? मुलीनं सकाळपासून त्यांचीच वाट बघितली होती, म्हणून. विश्रामबागेत नणंदेकडं पोहोचल्यावर दाटीवाटीच्या त्या खोलीत बसून तिनं ती तूप न घालता खाल्ली आणि म्हणाली, "आई, अजून आहेत?" पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं त्या आठवड्यात. मला तेव्हाची भीती आठवते, पण तिचा तो चिकट हातही तितकाच आठवतो.

परतलो तेव्हा घरात चिखल. पाणी कमरेच्या वरपर्यंत येऊन गेलं होतं. कॅलेंडर खिळ्यावर तसंच होतं, वरचा भाग कोरडा, खालचा मातीत. कालनिर्णयात वार उभे असतात, वर रविवार आणि खाली शनिवार. त्यामुळं माझ्या २०१९ च्या सगळ्या महिन्यांतले शुक्रवार आणि शनिवार कृष्णेच्या मातीत गेले. ते कॅलेंडर टाकून द्यायला माझं मन झालं नाही. ऑगस्टच्या पानावर तेरा फुल्या आहेत ओळीनं. तेरा दिवस दुधाचा खाडा. चौदाव्या दिवशी गवळी आला. त्याच्या गोठ्यातही पाणी शिरलं होतं. अर्धा लिटरच दूध होतं त्याच्याकडं. माप ओतलं आणि आधी विचारलं, "वहिनी, बाळ कुठाय?"

त्या बाळाबद्दल आता सांगते. तो सहा वर्षांचा आहे. त्याची शाळा सकाळची, साडेबाराला घरी येतो. ताई दुपारी उशिरा येते, त्यामुळं मधला वेळ त्याचा आणि माझा. दिवसातलं सगळ्यात सुखाचं जर काही विचाराल तर तो वेळ. थंडीत मटार स्वस्त झाला की मी दोन-तीन किलो आणते, ओट्यावर ढीग ओतते आणि त्याला शेजारी बसवते. तो शेंग दोन्ही अंगठ्यांनी दाबतो, जीभ थोडी बाहेर काढून. टच्च आवाज झाला की माझ्याकडं बघतो. दाणे वाटीत टाकताना तिसरा दाणा तोंडात, असा त्याचा ठरलेला हिशेब. खिडकीतून ऊन त्याच्या केसांवर येतं, आणि शाळेतल्या घामाचा, खडूचा, तेलाचा असा काहीतरी वास त्याच्या डोक्याला असतो. परवा त्यानं एक शेंग उघडून तशीच हातात धरली. आत सात दाणे. म्हणाला, "आई, यांना दिवसभर घरात बसून कंटाळा येत नाही?"

मी म्हटलं, "येत असेल कधी कधी."

तो म्हणाला, "पण सगळे चिकटून बसलेत." आणि खाल्ले.

काळजी कशाची वाटते? मुलांच्या तापाची, शाळेच्या फीची, मुलीच्या हातातल्या मोबाईलची, हे सगळ्या घरांत आहे, त्यावर मी वेगळं काय बोलणार. एक काळजी मात्र बोलायला हवी. पैसे मागायची. आमचे हे हात आखडते घेणारे नाहीत. पण चपलेचा अंगठा तुटला तेव्हा "किती लागतील?" असं त्यांनी सहज विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आधी पंधरा दिवस सेफ्टीपिन लावून चालले. आठ वर्षं मी दुसऱ्यांची लाखाची रोकड मोजली होती. आमच्या मावशींना २०२४ पासून लाडकी बहीणचे महिन्याला १५०० रुपये मिळायला लागले. पहिल्या हप्त्यातून त्यांनी नातवाला दप्तर घेतलं. मला सांगताना त्यांनी दप्तराचा रंग सांगितला नाही, किंमतही नाही. म्हणाल्या, "कुणाला इचारलं न्हाई बघा." भांडी घासता घासता त्या हे दोनदा म्हणाल्या.

घरच्या बाईच्या कामाची किंमत आपल्या देशात रुपयांत मांडली जाते, पण कुठं? अपघाताच्या नुकसानभरपाईत. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका समारंभात आग लागून अनेक बायका-मुलं गेली. त्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं गृहिणीच्या घरातल्या सेवेचं मोल महिना ३००० रुपये धरलं. पुढं न्यायालयानं यावर अधिक ठाम शब्दांत लिहिलं, घर सांभाळणारी काम करत नाही ही समजूतच चुकीची आहे असं २०२१ मध्ये म्हटलं. न्यायाधीशांनी ते म्हटलं याचा मला आधार वाटतो. तरी माझ्यातली कीर्द लिहिणारी बाई अडते. खातं उघडलं जातं ते खातेदार गेल्यावर. जिवंतपणी घरातल्या घरात हे का मांडता येऊ नये? आम्ही गेल्या वर्षी मांडलं. दोघं बसलो, घरखर्चाचं बाजूला काढलं, आणि दर महिन्याच्या ७ तारखेला एक ठरलेली रक्कम माझ्या एकटीच्या नावच्या पोस्टाच्या खात्यात जाते. रक्कम मोठी नाही. ती मागावी लागत नाही. तुमच्या घरी हे बोलणं झालं नसेल तर पगाराच्या दिवशी चहा झाल्यावर काढा, भांडणाच्या दिवशी काढू नका.

आता शेवटची नोंद, यंदाची. मार्चमध्ये एका चौकटीत लिहिलंय 'रक्त तपासणी, मी'. ती खोडून एप्रिलमध्ये. तिथून मेमध्ये, कारण पोरांच्या सुट्ट्या आणि माहेरचं लग्न. मग जून. इतर कुणाची तारीख मी एवढ्या वेळा पुढं ढकलली नव्हती. जिना चढताना धाप लागायची, केस गळायचे, दुपारी ओट्याला टेकून उभी राहिले की डोळ्यांपुढं काळं यायचं. सगळ्यांचं असंच असतं, असं वाटायचं. आणि ते खरंच आहे, त्याचंच वाईट वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय निघाला. म्हणजे हळदीकुंकवाला वीसजणी बसल्या तर त्यातल्या दहा-अकरा. सगळ्या हसतमुख, सगळ्या पटपट उठून वाटण करणाऱ्या.

जूनची तारीखही गेलीच असती. पण एका सकाळी दुधाचा आकडा लिहायला पेन उचललं तर त्या चौकटीभोवती हिरव्या स्केचपेननं जाड गोल केलेला. खाली मुलीच्या अक्षरात, 'आई रक्त. बाबा सुट्टी.' तिनं त्यांना आदल्या रात्री विचारून ठेवलं होतं. हिमोग्लोबिन ८.६ निघालं. डॉक्टर रागावले, लोहाच्या गोळ्या दिल्या, चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या म्हणाले.

तेव्हापासून कॅलेंडरवर दुधाच्या आकड्याशेजारी रोज एक हिरवं टिंब असतं. गोळी घेतली की मुलगा स्टुलावर चढून ते टिंब देतो, मी गोळी गिळल्याचं तोंड उघडून दाखवल्याशिवाय देत नाही. आजची चौकट अजून कोरी आहे, मी सकाळी लवकर इकडं आले ना. साडेबाराला तो घरी येईल तेव्हा विचारेलच.

नमस्कार.